सोलापूरचा हिशोब चुकता करायला झाडलेली गोळी एका बटणाने अडवली, आणि जीव वाचला दोघांचा

सोलापूरकराला चार हुतात्मा पुतळ्यांचा पत्ता सांगावा लागत नाही. रोज हजारो गाड्या तिथून जातात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही चार नावं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात.

पण या चौघांच्या फाशीनंतर सहाच महिन्यांनी पुण्यात जे घडलं, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. सोलापूरचा जाब विचारायला एक कॉलेजचा पोरगा रिव्हॉल्व्हर घेऊन थेट मुंबई प्रांताच्या हंगामी गव्हर्नरसमोर उभा राहिला होता. गोळी जवळून झाडली, छातीवर लागली, तरी गव्हर्नर जिवंत राहिला.

कसा? उत्तर आहे एक बटण.

त्या पोराचं नाव वासुदेव बळवंत गोगटे. पण अख्खा महाराष्ट्र त्यांना ओळखायचा 'हॉटसन गोगटे' म्हणून. ज्याच्यावर गोळी झाडली, त्याचंच नाव त्यांना कायमचं चिकटलं.

आधी सोलापुरात काय झालं होतं?

मे १९३०. मिठाचा सत्याग्रह जोरात होता आणि सरकारने गांधीजींना अटक केली. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं शहर. बातमी येताच गिरणी कामगार रस्त्यावर उतरले.

८ मे रोजी लोक रुपाभवानी परिसरात शिंदीची झाडं तोडायला गेले. दारूबंदीच्या आंदोलनाचा तो भाग होता. पोलिसांनी धरपकड केली, जमाव चिडला आणि गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. मग शहर पेटलं. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली, कोर्टाला आग लागली, पोलीसही मारले गेले. इंग्रज अधिकारी शहर सोडून गेले आणि पुढचे काही दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्यच नव्हतं.

१२ मे रोजी सरकारने मार्शल लॉ पुकारला. जूनअखेरपर्यंत सोलापूर लष्कराच्या ताब्यात होतं. तिरंगा हातात दिसला तरी शिक्षा होत होती. पोलिसांच्या खुनाचा ठपका ठेवून चौघांवर खटला चालवला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी त्यांना येरवडा जेलमध्ये फाशी देण्यात आली.

या काळात मुंबई सरकारचं गृहखातं होतं सर अर्नेस्ट हॉटसन यांच्याकडे. म्हणजे सोलापूरच्या मार्शल लॉचा विषय निघाला की लोकांच्या तोंडी पहिलं नाव यायचं ते हॉटसनचं.

हा हॉटसन होता तरी कोण?

इथे एक गंमत आहे. हॉटसन आयसीएस अधिकारी होता, पण त्याला निसर्ग अभ्यासाचाही नाद होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो बलुचिस्तान आणि इराणकडे होता. तिथे त्याने प्राण्यांचे नमुने जमवले. लांब पायांवर टणाटण उड्या मारणाऱ्या जर्बोआ नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी हॉटसनचंच नाव दिलं. ते आजही वापरात आहे.

उंदरांचे नमुने जमवणारा हा माणूस सोलापूरकरांसाठी मात्र दडपशाहीचा चेहरा होता. आणि १९३१ मध्ये गव्हर्नर रजेवर गेल्यावर तोच हंगामी गव्हर्नर झाला.

२२ जुलै १९३१, फर्ग्युसन कॉलेज

त्या दिवशी हॉटसन फर्ग्युसनला भेट द्यायला आले. कॉलेज बघता बघता मंडळी वाडिया ग्रंथालयात पोहोचली. गोगटे तेव्हा विशीतले, याच कॉलेजचे विद्यार्थी. ग्रंथालयात विद्यार्थी बसलेला दिसला तर कोणाला संशय येणार?

हॉटसन जवळ आल्यावर गोगटे पुढे झाले आणि त्यांनी रिव्हॉल्व्हर झाडलं. पहिली गोळी हॉटसन यांच्या छातीवर डाव्या बाजूला लागली. पण ते कोसळले नाहीत, उलट गोगट्यांच्या अंगावर धावून गेले. त्या झटापटीत दुसरी गोळी भलतीकडेच गेली आणि गोगटे पकडले गेले. कारण विचारलं तेव्हा त्यांनी सोलापूरच्या मार्शल लॉचं नाव घेतलं.

हॉटसन वाचले कसे, यावर पुण्यात लगेच चर्चा सुरू झाली. गव्हर्नरने आतून चिलखत घातलं होतं, असं कित्येक वर्षं लोक सांगत राहिले. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत मात्र वेगळंच आलं होतं. हॉटसन यांच्या खिशात एक पाकीटवही होती. तिला धातूचं बटण होतं. गोळी नेमकी त्या बटणावर आदळली आणि तिथेच अडली.

पण बटणाने गोळी अडते का?

हा प्रश्न पडलाच पाहिजे. सिनेमात खिशातल्या बिल्ल्याने गोळी अडली की थिएटरात शिट्ट्या पडतात आणि घरी आल्यावर आपण हसतो. पण त्या काळातल्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस समजून घेतलं, तर हे अगदीच अशक्य वाटत नाही.

काडतुसात मुख्य भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी कॅप, आत दारू आणि तोंडाशी गोळी. दारू पेटली की गॅस होतो आणि तो गोळीला नळीतून ढकलतो. गोळीचा दणका किती, हे दोन गोष्टींवर ठरतं. गोळीचं वजन आणि तिचा वेग. यातला वेग जास्त महत्त्वाचा. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट. उलटंही खरं. दारू जुनी झाली, दमट झाली आणि वेग निम्म्यावर आला, तर ऊर्जा एकदम पावपट.

त्या काळातली रिव्हॉल्व्हरची नेहमीची काडतुसं मुळातच संथ होती. पॉइंट ३२ बोअरचं 'स्मिथ अँड वेसन लाँग' हे १८९६ च्या सुमाराचं काडतूस घ्या. त्यातली सव्वासहा ग्रॅमच्या आसपासची गोळी सेकंदाला साधारण २१५ मीटर जाते. ऊर्जा भरते १५० ज्यूलच्या आसपास. म्हणजे पाच किलो तांदळाची पिशवी दहा फुटांवरून पडल्यावर बसेल तेवढा दणका. लष्करी पॉइंट ४५५ वेब्लीची गोळी जाड आणि जड होती, पण तिचाही वेग याहून जास्त नव्हता.

या गोळ्या माणूस मारू शकत नव्हत्या असं अजिबात नाही. त्यांनी कित्येक जीव घेतलेत. पण मऊ शिशाची संथ गोळी कठीण धातूवर आदळली की चपटी होते आणि तिचा जोर एका बिंदूऐवजी पसरतो. खाली कागदांची जाड घडी असेल तर उरलासुरला जोर तिथे जिरतो. फर्ग्युसनमध्ये नशीब होतंच, पण नशिबाला काडतुसाचीही साथ होती.

इथे येते मॅग्नमची गोष्ट

या घटनेनंतर चारच वर्षांत, १९३५ मध्ये, अमेरिकेत पॉइंट ३५७ मॅग्नम बाजारात आलं. पुण्याच्या घटनेशी त्याचा काही संबंध नव्हता. पण प्रश्न तोच होता, की रिव्हॉल्व्हरची गोळी फार संथ आहे. गाडीचा पत्रा किंवा तेव्हाची चिलखतं तिला आवरत नाहीत. मग जुन्या पॉइंट ३८ स्पेशलची पुंगळी तीन मिलिमीटरने लांब केली आणि आत दारूचा जोर वाढवला. लांबी वाढवण्यामागे डोकं होतं. हे दमदार काडतूस चुकूनही जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये. 'मॅग्नम' हे नाव आलं शॅम्पेनच्या मोठ्या बाटलीवरून.

पण दणका वाढला की हाताला बसणारा झटकाही वाढतो. लहान रिव्हॉल्व्हरमधून पॉइंट ३५७ झाडलं की मनगट हलतं आणि दुसरी गोळी नेम धरून मारणं अवघड होतं. म्हणून नेमबाज पुन्हा बारीक गोळीकडे वळले, पण या वेळी वेगवान. १९८४ मध्ये पॉइंट ३२ एच अँड आर मॅग्नम आलं आणि २००७ च्या सुमारास पॉइंट ३२७ फेडरल मॅग्नम.

यात नेमबाजांना आवडतं काय?

पहिली गोष्ट, जागा. गोळी बारीक असल्यामुळे ज्या छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये पॉइंट ३५७ ची पाच काडतुसं बसतात, त्यात ही सहा बसतात.

दुसरी गोष्ट, दणका. पॉइंट ३२७ ची ऊर्जा जुन्या ३२ लाँगच्या जवळपास चौपट. तांदळाची तीच पिशवी दहाऐवजी चाळीस फुटांवरून आली असं समजा. तरी झटका पॉइंट ३५७ पेक्षा कमी.

तिसरी गोष्ट म्हणजे खरी मजा. पॉइंट ३२ च्या या घराण्यात जाडी तीच राहिली आणि पुंगळी पिढीगणिक लांब होत गेली. साधारण १५ मिलिमीटर, मग २३, मग २७ आणि आता ३०. त्यामुळे पॉइंट ३२७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये या चारही पिढ्यांची काडतुसं चालतात. सरावाला पणजोबांचं सौम्य काडतूस, कामाला पणतवाचं दमदार.

तोटेही आहेत. आवाज कानठळ्या बसवणारा, काडतुसं महाग आणि मोजक्या दुकानांतच मिळणारी.

भारतात मात्र हा सगळा विषय वाचण्यापुरताच. इथे लायसन्स असलेल्या सामान्य नागरिकाला मिळणारं ओळखीचं देशी रिव्हॉल्व्हर म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं पॉइंट ३२. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून गाजावाजा झालेलं 'निर्भीक'सुद्धा याच बोअरचं. म्हणजे काडतूस तेच, १८९६ च्या घराण्यातलं.

गोगट्यांचं पुढे काय झालं?

आता जरा उलटा विचार करा. त्या दिवशी गोळीला मॅग्नमचा जोर असता, तर बटणाने काय केलं असतं? हॉटसन गेले असते. आणि गोगट्यांना त्याच येरवड्यात फास लागला असता, जिथे सोलापूरच्या चौघांना लागला होता.

गव्हर्नर वाचला म्हणून खटला खुनाच्या प्रयत्नाचा राहिला. गोगट्यांना आठ वर्षांची सक्तमजुरी झाली आणि ती पूर्ण होण्याआधीच ते सुटले. हॉटसन तोवर इंग्लंडला परतले होते. त्यांनी या तरुणाशी वैर धरलं नाही, उलट पुढे मदतच केली, अशी आठवण पुण्यात सांगितली जाते. १९४४ मध्ये हॉटसन वारले.

गोगट्यांनी स्वतंत्र भारत पाहिला. हिंदुत्ववादी राजकारणात राहिले, सार्वजनिक कामं केली आणि पुण्याचे महापौरही झाले. ज्या शहरात कधीकाळी पोलिसांनी त्यांना पकडून नेलं होतं, त्याच शहराचे पहिले नागरिक.

त्यांचा मार्ग बरोबर होता की चूक, यावर लोक आजही वाद घालतात. घालू देत. पण सोलापूरच्या चौघांना आयुष्याची पुढची पानं मिळाली नाहीत आणि गोगट्यांना मिळाली. मधे होतं एक संथ काडतूस आणि पाकिटाचं एक बटण.

पुढच्या वेळी चार हुतात्मा पुतळ्यांपाशी सिग्नलला थांबलात, तर त्या चार नावांसोबत हे पाचवं नावही आठवा.