कर्मवीर भाऊराव पाटील : गुणवत्तेआधीची भाकरी

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरात ते जैन वसतिगृहात राहून शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले. त्यांचे शिक्षण मॅट्रिकच्या आतच थांबले. गुणपत्रिकेवरूनच माणूस जोखायचा, तर त्यांचे नाव कोणत्याच यादीत आले नसते.

पुढे ओगले काच कारखाना आणि किर्लोस्करांचे नांगर यांच्या कामानिमित्त ते गावोगाव फिरले. खेड्यातल्या मुलांना बुद्धी आहे, पण जवळ शाळा नाही आणि शहरात राहण्याजेवण्याची सोय नाही, हे त्यांनी पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली.

१९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि कामे स्वतःच करत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. एकदा धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांसाठी आपले मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

भाऊराव थांबले नाहीत. १९३५ मध्ये त्यांनी शिक्षक घडवणारे ट्रेनिंग कॉलेज काढले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तिथे ‘कमवा आणि शिका’ हा नियम होता. पैसे नसलेला मुलगा श्रम करून शिके, त्यामुळे त्याला कुणापुढे हात पसरावा लागत नसे. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. याच वसतिगृहात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी. लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबांचा अंगठा, वडिलांची नोकरी आणि आपली पदवी असा तीन पिढ्यांचा प्रवास आहे. मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करते. तिथे उमेदवाराची निवड गुणवत्तेवर होते असे आम्ही अभिमानाने सांगतो. पण मुलाखतीच्या खोलीपर्यंत कोण पोचले, हे त्याआधीच ठरलेले असते. आपल्या मुलांना आज स्वतंत्र खोली, क्लास आणि इंग्रजी घरातच मिळते. त्यांचे गुण खरेच आहेत, पण त्यांची सुरुवात आपल्यापेक्षा बरीच पुढून झाली आहे. वर चढलेली पिढी हे विसरली, की गुणवत्ता हळूहळू वारसाहक्क होते.

भाऊरावांनी परीक्षा सोपी केली नाही. परीक्षेपर्यंत पोचण्याची वाट त्यांनी बांधली. मेळाव्यात जमलेल्या निधीतून एखाद्या मुलाच्या राहण्याजेवण्याची सोय झाली, तर ती वाट आपणही थोडी पुढे नेली असे होईल.