मेलिना मर्कुरी

मेलिना मर्कुरी (१८ ऑक्टोबर १९२० – ६ मार्च १९९४) या ग्रीक अभिनेत्री, गायिका व राजकारणी होत्या. 'नेव्हर ऑन संडे' या चित्रपटामुळे त्यांना जागतिक कीर्ती मिळाली. ग्रीसमधील लष्करी राजवटीला (१९६७–१९७४) परदेशातून उघड विरोध करणाऱ्या कलावंतांमध्ये त्या अग्रभागी होत्या. पुढे त्या ग्रीसच्या सांस्कृतिक मंत्री झाल्या. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. पार्थेनॉन मंदिराची ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली शिल्पे परत मिळविण्याची मागणी त्यांनी आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर आणली.

प्रारंभिक जीवन

मर्कुरी यांचा जन्म अथेन्स येथे झाला. त्यांचे पाळण्यातील नाव मारिया अमालिया होते. घराणे राजकारणी होते. आजोबा स्पिरिडॉन मर्कुरिस हे दीर्घकाळ अथेन्सचे महापौर होते, तर वडील स्टामाटिस संसद सदस्य होते. आईवडील विभक्त झाल्यानंतर मेलिना यांचे बालपण मुख्यत्वे आजोबांच्या सहवासात गेले. घरी येणारी-जाणारी माणसे, निवडणुका आणि भाषणे हे वातावरण त्यांना लहानपणापासून परिचयाचे होते. त्यामुळे अभिनेत्री अचानक राजकारणात आली, हे त्यांच्याविषयी नेहमी केले जाणारे विधान अर्धेच खरे आहे.

मुलीने नाटकात जाणे कुटुंबाला मान्य नव्हते. त्यांनी तरुण वयातच पानोस हारोकोपोस या धनिक जमीनदाराशी विवाह केला. राष्ट्रीय रंगभूमीच्या नाट्यविद्यालयात त्यांनी अभिनयाचे शिक्षण घेतले. हा काळ दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याचा होता.

रंगभूमी व चित्रपट

१९४९ मध्ये दिग्दर्शक कारोलोस कौन यांच्या 'आर्ट थिएटर'ने टेनेसी विल्यम्स यांचे 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' हे नाटक सादर केले. त्यातील ब्लांश दुबॉ या भूमिकेने मर्कुरी यांचे नाव ग्रीक रंगभूमीवर प्रस्थापित झाले. चित्रपटात त्या तुलनेने उशिरा आल्या. मायकेल काकोयान्निस दिग्दर्शित 'स्टेला' (१९५५) हा त्यांचा पहिला चित्रपट. याकोवोस काम्बानेल्लिस यांच्या नाटकावर आधारलेल्या या चित्रपटाची नायिका ही मद्यालयात गाणारी स्त्री आहे. प्रियकरावर प्रेम असूनही ती लग्नाच्या बंधनाला नकार देते आणि अखेरीस त्याच्याच हातून मारली जाते. तत्कालीन ग्रीक समाजात ही नायिका धक्कादायक ठरली. आज हा चित्रपट ग्रीक सिनेमातील अभिजात कृतींमध्ये गणला जातो.

'स्टेला' त्याच वर्षी कान चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. तेथे मर्कुरी यांची भेट ज्यूल्स डासिन यांच्याशी झाली. डासिन हे अमेरिकन दिग्दर्शक होते. साम्यवादी असल्याच्या कारणावरून हॉलीवूडच्या काळ्या यादीत नाव गेल्यामुळे त्यांना युरोपात यावे लागले होते. त्या महोत्सवात 'रिफिफी'साठी त्यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. पुढे दोघांनी आयुष्यभर एकत्र काम केले आणि १९६६ मध्ये विवाह केला.

डासिन यांनी दिग्दर्शित केलेला 'नेव्हर ऑन संडे' (१९६०) पिरेअस बंदरात घडतो. इल्या ही आपल्या मर्जीने जगणारी वेश्या, तर होमर हा तिला सुधारू पाहणारा अमेरिकन विद्वान. होमरची भूमिका डासिन यांनी स्वतःच केली. या भूमिकेसाठी मर्कुरी यांना कान येथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार जान मोरो यांच्यासह विभागून मिळाला आणि ऑस्करसाठी नामांकनही लाभले. मानोस हाजिदाकिस यांच्या त्यातील गीताने ऑस्कर जिंकले. यानंतर 'फेद्रा' (१९६२), 'तोपकापी' (१९६४) आदी चित्रपट आले. तथापि घोगरा आवाज आणि खळाळते हसू अशी त्यांची जनमानसातील प्रतिमा इल्यानेच घडविली.

लष्करी राजवटीला विरोध

११ एप्रिल १९६७ रोजी 'नेव्हर ऑन संडे'वर आधारित 'इल्या डार्लिंग' हे संगीतक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर सुरू झाले. त्यानंतर दहाच दिवसांनी, २१ एप्रिलला, ग्रीसमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता बळकावली. नाटक जोरात चालू असताना मर्कुरी यांनी अमेरिकन वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीवरून या राजवटीचा जाहीर धिक्कार केला. ग्रीसला पर्यटक म्हणून जाऊ नका, असे आवाहनही त्यांनी केले. जुलै १९६७ मध्ये गृहमंत्री स्टिलियानोस पाट्टाकोस यांनी त्यांचे नागरिकत्व रद्द केले व मालमत्ता जप्त केली. आपण जन्माने ग्रीक आहोत आणि मरणारही ग्रीक म्हणूनच, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर जगभर गाजले. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रालाही त्यांनी 'मी ग्रीक जन्मले' या अर्थाचे शीर्षक दिले.

हद्दपारीची वर्षे मुख्यतः पॅरिसमध्ये गेली. युरोप-अमेरिकेत त्यांनी सभा, मोर्चे व गाण्यांच्या कार्यक्रमांतून राजकीय कैद्यांचा प्रश्न मांडला. १९६९ मध्ये इटलीतील जिनोव्हा येथे त्यांच्या कार्यक्रमाच्या ठिकाणी बॉम्ब ठेवण्यात आला होता. त्यातून त्या बचावल्या.

राजकीय कारकीर्द

जुलै १९७४ मध्ये लष्करी राजवट कोसळली आणि काही दिवसांतच मर्कुरी मायदेशी परतल्या. आंद्रेआस पापांद्रेऊ यांनी त्या सप्टेंबरमध्ये स्थापन केलेल्या पासोक या समाजवादी पक्षाच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. नोव्हेंबर १९७४ च्या निवडणुकीत पिरेअसच्या कामगारवस्तीच्या मतदारसंघातून त्या थोड्या मतांनी पराभूत झाल्या. १९७७ मध्ये तेथूनच निवडून आल्या आणि मृत्यूपर्यंत संसदेत राहिल्या. 'अ ड्रीम ऑफ पॅशन' (१९७८) नंतर त्यांनी चित्रपटातील प्रमुख भूमिका थांबविल्या.

१९८१ मध्ये पासोक सत्तेवर आल्यावर त्या सांस्कृतिक मंत्री झाल्या आणि १९८९ पर्यंत सलग त्या पदावर होत्या. ग्रीक मंत्रिमंडळात हे खाते दुय्यम मानले जाई. निधीही तुटपुंजा असे. मर्कुरी यांच्या नावाभोवतीच्या वलयामुळे ते वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. देखाव्यावर अधिक भर दिल्याची टीका विरोधकांनी केली, परंतु राजधानीबाहेरील शहरांत नगरपालिकांची प्रादेशिक नाट्यगृहे उभारण्याचे १९८३ पासूनचे काम देखाव्याचे नव्हते. युरोपीय समुदायाच्या बैठकांत केवळ शेती व व्यापाराची चर्चा होते, संस्कृतीची होत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. त्यातून 'युरोपची सांस्कृतिक नगरी' ही योजना निघाली. १९८५ मध्ये अथेन्सला हा पहिला मान मिळाला आणि ही परंपरा आजही चालू आहे.

पार्थेनॉन शिल्पांचा प्रश्न

लॉर्ड एल्गिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, अथेन्स ऑटोमन अंमलाखाली असताना, पार्थेनॉनवरील बरीच शिल्पे काढून इंग्लंडला नेली. ब्रिटिश सरकारने १८१६ मध्ये ती ३५,००० पौंडांना विकत घेतली. १९८२ मध्ये मेक्सिको सिटी येथे भरलेल्या युनेस्कोच्या परिषदेत मर्कुरी यांनी ती परत देण्याची मागणी केली व परिषदेने त्यास अनुकूल शिफारस केली. पाठोपाठ ग्रीस सरकारने रीतसर मागणी केली. ब्रिटनने ती १९८४ मध्ये फेटाळली. १९८६ मध्ये ऑक्सफर्ड युनियनच्या वादसभेतही त्यांनी हा विषय मांडला. त्या वेळी युनियनच्या अध्यक्षपदी बोरिस जॉन्सन हे विद्यार्थी होते. पुढे पंतप्रधान झाल्यावर त्यांनी शिल्पे परत करण्यास नकार दिला.

शिल्पे ठेवण्यास ग्रीसकडे योग्य जागा नाही, हा ब्रिटिश बाजूचा एक युक्तिवाद होता. त्याला उत्तर म्हणून मर्कुरी यांनी ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी नवे संग्रहालय बांधण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय वास्तुरचना स्पर्धा जाहीर केली.

अखेरची वर्षे

१९९० मध्ये त्यांनी आजोबांचे पद, म्हणजे अथेन्सचे महापौरपद, मिळविण्याचा प्रयत्न केला. परंतु एकेकाळी पासोक सरकारात मंत्री राहिलेल्या अँटोनिस ट्रिट्सिस यांनी त्यांचा पराभव केला. ऑक्टोबर १९९३ मध्ये पासोक पुन्हा सत्तेवर येताच त्या दुसऱ्यांदा सांस्कृतिक मंत्री झाल्या. अनेक वर्षे सिगारेट हातावेगळी न केलेल्या मर्कुरी यांचे ६ मार्च १९९४ रोजी न्यूयॉर्क येथील रुग्णालयात फुप्फुसाच्या कर्करोगाने निधन झाले. पार्थिव अथेन्सला आणून शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले. अंत्ययात्रेला प्रचंड जनसमुदाय लोटला होता.

डासिन यांनी त्यांच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन करून शिल्पांची मोहीम पुढे चालविली. ३१ मार्च २००८ रोजी त्यांचेही निधन झाले. नवे ॲक्रोपोलिस संग्रहालय जून २००९ मध्ये खुले झाले. त्याच्या वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची शिल्पपट्टी मूळ क्रमाने मांडलेली आहे. लंडनमध्ये असलेल्या भागांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती बसविल्या आहेत.