कोळेरोगाचा माग काढणारे कोलमन साहेब

आषाढात पाऊस झडीला लागला की पेडणे-डिचोलीच्या कुळागरांत कोवळ्या सुपाऱ्या टपाटप गळू लागतात. फळावर देठाकडून काळपट हिरवा, पाणचट डाग पसरतो आणि मग त्यावर पांढरी लव धरते. हाच कोळेरोग. दोडामार्ग-सावंतवाडीत त्याला हेच नाव आणि शिरसी-शिमोग्यातही हेच. शब्द कन्नड आहे, कोळे म्हणजे कुजणे. या रोगाचं मूळ पहिल्यांदा नीट शोधून काढलं ते मात्र कॅनडातून आलेल्या एका माणसाने.

लेस्ली चार्ल्स कोलमन यांचा जन्म १८७८ चा, ओंटारिओ प्रांतातला. टोरांटोला शिकून त्यांनी जर्मनीत गोटिंगेनला डॉक्टरेट केली आणि १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात बुरशी व किडींचे तज्ज्ञ म्हणून रुजू झाले. मलनाडचे बागायतदार तेव्हा कोळेरोगाने टेकीस आले होते. वर्षाचं उत्पन्न चार आठवड्यांत मातीत जायचं. कुज शेंड्याला लागली तर पोफळच मरायची, आणि नवं झाड धरायला पाच-सात वर्षं. घडांना गवताची झापं बांधून पाऊस अडवणे हा जुना उपाय. तो अडाणी मुळीच नव्हता, पण प्रत्येक झाडावर चढून प्रत्येक घड झाकायचा म्हणजे मजुरी किती!

कोलमन यांनी ती पांढरी लव सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तंतूंच्या टोकांना लिंबाच्या आकाराच्या बारीक पिशव्या दिसल्या, म्हणजे बीजाणूधान्या. त्या तयार व्हायला नर-मादी लागत नाही, एकटा तंतूच त्या धरतो. पिशवी वाऱ्याने, पावसाच्या शिंतोड्याने दुसऱ्या घडावर पडते. तिथे थंड पाण्याची पातळ पापुद्री असली की ती फुटते आणि आतून शेपटीवाले चलबीजाणू पोहत बाहेर पडतात. ते फळावर टेकले, रुजले की नवे तंतू, नव्या पिशव्या. काही दिवसांत एक फेरा पुरा होतो आणि झडीत असे फेरे एकावर एक चढतात. एका झाडावरून अख्खी बाग का जाते, हे कोडं तिथे सुटलं.

१९१० मध्ये त्यांचा कोळेरोगावरचा अहवाल आला. आयर्लंडचा बटाटा ज्याने नासवला त्याच फायटोफ्थोरा कुळातला हा जीव निघाला. १९१३ पासून त्याला फायटोफ्थोरा अरेकी म्हणू लागले आणि शास्त्रीय नावामागे कंसात कोलमन यांचं नाव आलं. तेव्हा त्याला बुरशी म्हणत. आता शास्त्रज्ञ या कुळाला खऱ्या बुरशीपासून वेगळं काढतात. कुळागरवाल्याला त्याने काय फरक पडतो म्हणा!

फरक पडला तो औषधाने. फ्रान्सच्या बोर्डो भागात द्राक्षांवर चालणारं मोरचूद-चुन्याचं मिश्रण कोलमन यांनी सुपारीवर आणलं. बीजाणू रुजण्याआधीच तांबं त्याला मारतं, म्हणून फवारा पावसाच्या आधी हवा. डाग दिसल्यावर मारून ते फळ वाचत नाही. धो धो पावसात औषध धुऊन जाऊ नये म्हणून त्यात राळ आणि सोडा घालायची युक्तीही त्यांनी दिली.

पुढे ते म्हैसूरचे शेती संचालक झाले. हेब्बाळची शेतकी शाळा, बाळेहोन्नूरचं कॉफी संशोधन केंद्र आणि मंड्याचा ऊस व साखर कारखाना या कामांत त्यांचा हात होता. ज्वारी खाणाऱ्या दख्खनच्या बिनपंखी नाकतोड्यालाही त्यांच्यावरूनच कोलेमानिया हे नाव पडलं. १९३४ मध्ये त्यांनी म्हैसूर सोडलं आणि १९५४ मध्ये त्यांचं निधन झालं. मंड्याकडे त्यांचं नाव अजून निघतं, आपल्याकडे कोळेरोग तेवढा माहीत.

आजही शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना हेच माप चालतं. पहिला हात मिरगाच्या आधी, दुसरा चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. पहिला बहुधा वेळेवर होतो. दुसऱ्याच्या वेळी पाऊस उघाड देत नाही आणि शेवाळल्या पोफळीवर चढायला माणूस मिळत नाही. बीजाणूला नेमकी तेवढीच सवड पुरते.