कॅमेरा आपल्या माणसाच्या हाती

मे १९४०. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील ब्यूफोर्ट येथे 'कमांडमेंट कीपर' नावाच्या छोट्या चर्चमधील उपासना चित्रित होत होती. हा गुल्ला लोकांचा मुलूख. पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या, भाताच्या आणि कापसाच्या मळ्यांवर राबवलेल्या गुलामांचे हे वंशज. १७३९ च्या स्टोनो उठावानंतर मळेवाल्यांनी कायदा करून गुलामांचे ढोलसुद्धा बंद केले होते. ढोल गेला, तेव्हा त्यांनी टाळ्यांनी आणि पावलांनी ताल धरला.

या चित्रणाची सूत्रे झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेकडे होती. जन्म १८९१, अलाबामा. बालपण फ्लोरिडातील इटनव्हिल या कृष्णवर्णीयांच्याच कारभाराच्या गावात. आई वारली आणि शिक्षण तुटले. १९१७ मध्ये बाल्टिमोरच्या मोफत शाळेत बसता यावे म्हणून सव्वीस वर्षांच्या या बाईंनी वयातून दहा वर्षे चक्क कापून टाकली! पुढे १९२५ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या बार्नार्ड महाविद्यालयात आल्या आणि कोलंबिया विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांच्याकडे शिकल्या. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये सोडले, तेच हे विद्यापीठ.

अंगात येणे म्हटले की आपला वाचक कपाळाला आठ्या घालील, आणि ते रास्तच आहे. पण गोऱ्यांच्या चित्रपटांत काळ्यांची भक्ती म्हणजे हशाचा विषय असे. हर्स्टन तमाशा दाखवायला गेल्या नव्हत्या. चित्रफितीत त्या स्वतः भक्तांमध्ये मिसळून ताल धरताना दिसतात.

पैसा मात्र परक्यांचा. १९२७ मध्ये एका धनिक गोऱ्या बाईंनी त्यांना महिना २०० डॉलर, मोटार आणि कॅमेरा दिला. पण जमवलेल्या साहित्यावर मालकी त्या बाईंचीच, असा करार होता. ब्यूफोर्टचे कामही जेन बेलो या गोऱ्या संशोधिकेच्या प्रकल्पातले.

हर्स्टन यांचे सगळेच पटण्यासारखे नाही. शाळांतील वर्णभेद मोडणाऱ्या १९५४ च्या निकालाला त्यांनी जाहीर विरोध केला, हे लपवू नये.

उतारवयात त्यांनी मोलकरणीचे काम केले. १९६० मध्ये फ्लोरिडातील सरकारी आश्रयगृहात त्या वारल्या. दफन वर्गणीतून झाले. त्यांचे कागद जाळायला काढले होते. ओळखीच्या एका पोलिसाने आग विझवली, म्हणून काही वाचले. ब्यूफोर्टच्या चित्रफितीला २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट यादीत स्थान मिळाले. कबरीवर दगड बसला तो १९७३ मध्ये, लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी शोध घेतला तेव्हा. त्या दगडावर जन्मसाल कोरले आहे १९०१.