‘पाय’ला वेग देणारे रामानुजन

थोर भारतीय गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी तमिळनाडूतील इरोड येथे झाला. त्यांचे बालपण कुंभकोणम येथे गेले. त्यांचे वडील कापडाच्या दुकानात कारकून होते.

शाळेत असताना त्यांच्या हाती हजारो सूत्रांचा संग्रह असलेले एक इंग्रजी पुस्तक आले. त्यात सिद्धता फारशा नव्हत्या. ती सूत्रे स्वतःच सिद्ध करण्याचा छंद त्यांना जडला. गणितापायी अन्य विषयांकडे दुर्लक्ष झाले, महाविद्यालयाची शिष्यवृत्ती गेली आणि पदवी हुकली. कागद महाग असल्याने ते पाटीवर आकडेमोड करीत, कोपराने पुसत आणि केवळ अंतिम निष्कर्ष वहीत उतरवून ठेवीत.

१९१२ मध्ये त्यांना मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपये पगाराची कारकुनी मिळाली. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना आपली सूत्रे पत्राने कळविली. हार्डी यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये ते इंग्लंडला गेले. त्याच वर्षी ‘पाय’विषयीचा त्यांचा प्रसिद्ध शोधनिबंध प्रकाशित झाला.

वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागले असता मिळणारी संख्या म्हणजे ‘पाय’. वर्तुळ बांगडीएवढे असो वा पृथ्वीएवढे, हे गुणोत्तर बदलत नाही. शाळेत त्यासाठी २२/७ ही किंमत वापरतात. परंतु ती अंदाजे आहे. ‘पाय’ अपरिमेय असल्याने त्याचे दशांश अंक संपत नाहीत आणि त्यांचा ठरावीक गट पुन्हा पुन्हा येत नाही. आर्यभटांनी इसवी सन ४९९ मध्ये ३.१४१६ ही किंमत दिली होती. पुढे केरळमधील माधवाचार्यांनी अनंत श्रेणीचा मार्ग दाखविला. मात्र १ मधून १/३ वजा, १/५ अधिक अशा क्रमाने जाणाऱ्या त्या श्रेणीच्या बेरजेची चौपट केली असता, १००० पदांनंतरही केवळ दोन दशांश स्थळे बरोबर येतात.

रामानुजन यांच्या एका श्रेणीचे पहिलेच पद सहा दशांश स्थळांपर्यंत अचूक उत्तर देते. पुढील प्रत्येक पदागणिक सुमारे आठ अचूक अंकांची भर पडते. ही श्रेणी नेमकी कशी सुचली, याची पूर्ण सिद्धता मात्र त्यांनी मागे ठेवली नाही.

१९१८ मध्ये त्यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. परंतु महायुद्धाच्या काळात प्रकृती ढासळली होती. मार्च १९१९ मध्ये ते बोटीने मुंबईस उतरले व तेथून मद्रासला गेले. आजारपणातही त्यांचे संशोधन थांबले नाही. २६ एप्रिल १९२० रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांची श्रेणी सिद्धतेची वाट पाहत राहिली. १९८५ मध्ये अमेरिकेचे विल्यम गॉस्पर यांनी तिच्या आधारे संगणकावर ‘पाय’चे सुमारे पावणेदोन कोटी अंक काढले. पूर्वी ज्ञात असलेल्या अंकांशी ते तंतोतंत जुळले. त्यानंतर १९८७ मध्ये जोनाथन व पीटर बोरवाइन या बंधूंनी तिची सिद्धता प्रसिद्ध केली. त्याच धर्तीवर चुडनोव्स्की बंधूंनी रचलेली श्रेणी पुढील अनेक जागतिक विक्रमांसाठी वापरली गेली.

रामानुजन यांचा जन्मदिन २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो.