तारेवरून प्रकाशाकडे : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल

तांब्याच्या तारेचा टेलिफोन आता जगातून हळूहळू निवृत्त होत आहे. शहरांत तर तो दुर्मीळ झालाच आहे. पण खेड्यापाड्यांतही जुन्या तारा काढून त्यांच्या जागी काचेचे बारीक तंतू टाकावयाचे आणि इंटरनेटमधून संभाषण वाहून न्यावयाचे, असे काम अनेक देशांत चालू आहे. अशा वेळी ज्यांनी मनुष्याचे बोलणे प्रथम तारेवर चढविले, त्या संशोधकाचे चरित्र आठवणे उचित होईल. कारण तारेचा हा जनक केवळ तारेतच गुंतून पडला नव्हता.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा जन्म 3 मार्च 1847 रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. त्यांचे वडील मेलव्हिल बेल हे उच्चारशास्त्राचे नामांकित अध्यापक होते. जीभ, ओठ आणि घसा यांची हालचाल दर्शविणारी एक चिन्हलिपी त्यांनी रचली होती व तिच्या साहाय्याने बधिरांना बोलावयास शिकविता येत असे. आई एलायझा यांना फारच कमी ऐकू येई. इतर लोक त्यांच्या कर्णनळीत मोठ्याने बोलत. छोटा अलेक्झांडर मात्र आईच्या कपाळाशी तोंड नेऊन खालच्या, स्पष्ट स्वरात बोले आणि ते तिला उमगे. ध्वनी म्हणजे कंपन होय, हा धडा त्यांना असा घरातच मिळाला.

पुढे या कुटुंबावर मोठे संकट कोसळले. 1867 मध्ये धाकटा आणि 1870 मध्ये थोरला, असे दोन्ही भाऊ क्षयाने दगावले. अलेक्झांडरची प्रकृतीही ढासळू लागली. उरलेला एकुलता पुत्र वाचावा म्हणून आईवडिलांनी स्वदेश सोडला आणि कॅनडातील ब्रँटफर्ड गावाजवळ बिऱ्हाड केले. तेथील मोकळ्या हवेत त्यांची प्रकृती सुधारली. 1871 मध्ये ते अमेरिकेतील बॉस्टन येथे बधिर मुलांना शिकवू लागले व 1873 मध्ये तेथील विद्यापीठात प्राध्यापक झाले. दिवसा अध्यापन आणि रात्री प्रयोग, असा त्यांचा क्रम असे. पाचव्या वर्षी तापाने श्रवणशक्ती गमावलेली मेबल हबर्ड ही त्यांची विद्यार्थिनी 1877 मध्ये त्यांची सहधर्मचारिणी झाली.

एकाच तारेवरून एका वेळी अनेक तारसंदेश कसे धाडता येतील, हा बेल यांच्या प्रयोगांचा मूळ विषय होता. 2 जून 1875 रोजी यंत्रातील एक पोलादी पट्टी अडकली. त्यांचे सहायक टॉमस वॉटसन यांनी ती बोटाने सोडविली, तोच तिचा झंकार दुसऱ्या खोलीतील यंत्रात बेल यांना ऐकू आला. ध्वनीप्रमाणे कमीजास्त होणारा विद्युत्प्रवाह तारेतून नेता येतो, हे त्यांनी तत्काळ ओळखले. 14 फेब्रुवारी 1876 रोजी त्यांचा पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्याच दिवशी, त्याच कचेरीत, एलिशा ग्रे या दुसऱ्या संशोधकाचीही तशाच यंत्राविषयीची सूचना पोहोचली, हा विलक्षण योगायोग होय. 7 मार्चला बेल यांना पेटंट मिळाले आणि 10 मार्चला त्यांनी वॉटसन यांना मारलेली हाक पलीकडच्या खोलीत यंत्रातून स्पष्ट ऐकू गेली. या शोधाच्या श्रेयावरून पुढे अनेक वर्षे न्यायालयांत दावे चालले. त्यांत बेल यांचाच हक्क टिकला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रँटफर्डहून पॅरिस नावाच्या कॅनडातीलच दुसऱ्या गावापर्यंत, सुमारे 13 किलोमीटर अंतरावर, तारायंत्राच्या तारेवरून शब्द ऐकू गेले. दूरच्या संभाषणाची ही पहिली परीक्षा ग्रामीण भागातच झाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या काळच्या तारा बहुधा लोखंडी असत. त्या गंजत आणि आवाज क्षीण करीत; म्हणून हळूहळू तांबे आले. शेजारच्या तारांचा उपद्रव टाळण्यासाठी दोन तारा एकमेकींभोवती पिळून वापरण्याची युक्तीही बेल यांचीच. तिचे पेटंट 1881 चे आहे. 1882 मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन केंद्रे उघडली. बेल यांच्या मूळ पेटंटांची मुदत 1893-94 मध्ये संपली, तेव्हा ज्या शेतकऱ्यांकडे कंपन्या फिरकत नव्हत्या त्यांनी अमेरिकेत आपापसांत मंडळे काढली. कित्येकांनी तर कुंपणाच्या काटेरी तारेवरूनच शेजाऱ्याशी बोलणे सुरू केले.

परंतु स्वतः बेल यांचे मन तोपर्यंत तारेच्या पलीकडे गेले होते. 1880 मध्ये चार्ल्स टेंटर यांच्या सहकार्याने त्यांनी प्रकाशावरून आवाज नेणारे यंत्र सिद्ध केले. बोलण्याने एक पातळ आरसा कंप पावे. त्यावरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश त्या कंपनाप्रमाणे बदले आणि दूरच्या सेलेनियमवर पडून पुन्हा ध्वनी उत्पन्न करी. अशा रीतीने सुमारे 213 मीटर अंतरावर शब्द पोहोचले. बेल या शोधाला टेलिफोनहूनही श्रेष्ठ मानीत. पण ढग, धुके आणि पाऊस यांपुढे त्या किरणाचे काही चालेना. प्रकाशाला सुरक्षित वाट हवी होती. काचेचा शुद्ध तंतू ती वाट होऊ शकेल, हे चार्ल्स काव यांनी 1966 मध्ये दाखविले. त्यांना 2009 चे नोबेल पारितोषिक लाभले. आज खेड्यात येणारा तंतू हा बेल यांच्या त्या अपुऱ्या स्वप्नाचाच वारसदार होय.

एवढ्या मोठ्या मनुष्याची एक उणीवही सांगितली पाहिजे. बधिरांनी वाणीनेच बोलावे, हातांच्या खुणांची भाषा सोडावी, असा बेल यांचा आग्रह होता. हेतू प्रेमाचा होता; परंतु ज्यांच्यासाठी हा आग्रह, त्यांतील अनेकांना खुणांचीच भाषा आपली वाटे. त्यांचे म्हणणे ऐकले गेले नाही. शाळांतून ती भाषा दीर्घकाळ हद्दपार झाली आणि कित्येक मुलांचे शिक्षण अडखळले. ऐकण्याचे यंत्र देणाऱ्याचेही कोठे तरी ऐकावयाचे राहून गेले!

2 ऑगस्ट 1922 रोजी कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, बॅडेक गावाजवळील आपल्या टेकडीवरच्या घरी बेल यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील सर्व टेलिफोन एक मिनिट मूक राहिले.

त्यांच्या जन्मभूमीतच अलीकडे जुन्या व नव्या यंत्रणेची कसोटी लागली. तांब्याच्या तारेतून टेलिफोनला लागणारी वीज दूरच्या केंद्रातूनच येते. घरची वीज गेली तरी तो बोलतो. काचेच्या तंतूतून ही वीज येत नाही. घरचे उपकरण घरच्या विजेवर चालते आणि वीज जाताच, बॅटरी नसल्यास, मुके होते. नोव्हेंबर 2021 मध्ये अर्वेन नावाच्या वादळाने स्कॉटलंड व उत्तर इंग्लंड यांना झोडपले. काही खेडी आठवडाभर अंधारात राहिली. जेथे मोबाइलही पोहोचत नाही, तेथील वृद्धांनी अशा वेळी वैद्याला कसे बोलवावे, हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. तेथील प्रमुख टेलिफोन कंपनीला मार्च 2022 मध्ये हे परिवर्तन काही काळ थांबवावे लागले. पुढे तांब्याची सेवा बंद करण्याची 2025 अखेरची मुदतही जानेवारी 2027 पर्यंत लांबविण्यात आली.

याचा अर्थ नवे नको असा नव्हे. तांबे झिजते, चोरीस जाते आणि अंतराबरोबर त्यावरील इंटरनेट मंदावते. एकच तंतू खेड्यात संभाषण, शिक्षण आणि व्यवहार सारेच आणू शकतो. भारतातही ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याची योजना 2011 मध्ये मंजूर झाली. प्रश्न एवढाच की जुनी तार तोडण्यापूर्वी नवी वाट अंधारातही चालेल याची तजवीज झाली आहे काय, आणि गावच्या शेवटच्या घरी राहणाऱ्याला कोणी विचारले आहे काय.

विद्यार्थिमित्रांनो, बेल यांच्या चरित्रात दोन धडे आहेत. स्वतः निर्माण केलेल्या साधनाच्याही पुढे जाण्याचे धैर्य हा एक. दुसरा त्यांच्या चुकीने शिकविलेला : ज्याच्यासाठी साधन करावयाचे, त्याचे आधी ऐकून घ्यावे. तुमच्यापैकी जे उद्या अभियंते होतील, त्यांनी हे दोन्ही धडे गाठीशी बांधून खेड्याची वाट धरावी.