एका डोळ्याने टिपलेले पक्षीविश्व

वेल्सच्या ग्रामीण भागात मे महिना हा पक्ष्यांच्या विणीचा काळ. झाडी दाट होते, घरट्यांत पिले असतात आणि कॅमेरे घेऊन पक्षीनिरीक्षक रानोमाळ हिंडतात. १९३७ च्या मे महिन्यात एरिक हॉस्किंग हे तरुण इंग्रज छायाचित्रकार असेच तेथे टॉनी घुबडाच्या घरट्याजवळ लपण बांधून होते. रात्री अंधारात लपणाकडे जाताना घुबडाने झेप घेऊन त्यांच्या डाव्या डोळ्यात नख खुपसले. घुबडाच्या पंखांचा आवाज होत नाही. सावध होण्यास अवधीच मिळाला नाही. पेनिसिलिन तेव्हा उपचारात आलेले नव्हते. जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि अखेर तो डोळा काढावा लागला.

२ ऑक्टोबर १९०९ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या हॉस्किंग यांची उपजीविकाच छायाचित्रणावर होती. तरीही एका डोळ्याने त्यांनी पुढे पाच दशके काम केले. पक्ष्यांसाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश वापरणाऱ्या आद्य छायाचित्रकारांत त्यांची गणना होते. पंख पसरून, चोचीत भक्ष्य घेऊन येणाऱ्या गव्हाणी घुबडाचे त्यांचे १९४८ मधील छायाचित्र जगभर गाजले. घुबडाला अशुभ मानणाऱ्या आपल्या मुलखात नवल वाटावे, पण डोळा घेणाऱ्या या पक्ष्यावरचा त्यांचा लोभ आटला नाही. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या नावातच त्यांनी 'डोळा' या शब्दावर मिस्कील कोटी केली. १९८२ मध्ये तर केवळ घुबडांवरचे पुस्तक त्यांच्या नावे निघाले. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.